मवाळांची कोंडी : नामदार गोखले

पक्षात दोन टोके पडली, की सर्वाधिक कोंडी होते ती मधल्या वाटेने जाणाऱ्यांची. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वाट्याला हीच कोंडी आली.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. १८८४ मध्ये पदवीधर झाल्यावर ते पुण्यात अध्यापनाकडे वळले. न्यायमूर्ती रानडे यांना त्यांनी गुरू मानले. अभ्यास, आकडेवारी आणि सनदशीर मार्ग यांवर त्यांची निष्ठा होती. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगबंदोबस्तातील सैनिकांवर इंग्लंडमध्ये केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यामुळे स्वकीयांचाही रोष त्यांना पत्करावा लागला. पुढे १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना आणि बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद हे दोन्ही योग जुळून आले.

वंगभंगानंतर जहाल आणि मवाळ यांच्यातील दरी रुंदावली. १९०७ चे अधिवेशन नागपूरहून सुरतेला हलविण्यात आले. जळगाव, असोदा या परिसराला तापी खोऱ्याच्या रेल्वेने जोडलेले हे शहर काँग्रेसच्या दुहीचे साक्षीदार ठरले. कलकत्ता अधिवेशनातील स्वराज्य, बहिष्कार हे ठराव सौम्य केले जातील, अशी लोकमान्य टिळकांच्या गटाला शंका होती, तर टिळकांच्या मागण्या मान्य केल्यास सरकारी दडपशाहीला आमंत्रण मिळेल, अशी गोखले यांना भीती होती. २७ डिसेंबरला मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि अधिवेशन उधळले.

त्यानंतर मवाळांनी सनदशीर मार्गाची अट घालून जहालांना दार बंद केले. संघटना हाती राहिली, पण तरुण दुरावले. दुसरीकडे सरकारनेही नेमस्तांना रिकाम्या हाताने परत पाठविले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखले यांचे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

मंडालेहून टिळक १९१४ मध्ये परतले. समेटाचे प्रयत्न झाले, पण ते फसले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गोखले यांचे निधन झाले. अंत्यसंस्कारप्रसंगी टिळकांनीच त्यांच्या देशसेवेचा गौरव केला.

१९१६ मध्ये लखनौ येथे काँग्रेस एक झाली. मात्र १९१८ मध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवरून मवाळ बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत वेगळी परिषद भरविली. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार टाकल्याने त्यांना कौन्सिलांत जागा मिळाल्या. १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष रिंगणात उतरताच चित्र पालटले. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारख्या ज्येष्ठ नेत्यालाही बंगालमध्ये पराभव पाहावा लागला. तेव्हा मताधिकार मालमत्ताधारक, करदाते अशा मूठभर वर्गापुरताच होता. मवाळांचा आधार मानला गेलेला तो वर्गही त्यांच्यामागे उभा राहिला नाही. सरकारशी सहकार्य करून पदरात काय पडले, याचे उत्तर त्यांना देता येत नव्हते.

गोखले यांच्या संयमावर शत्रूंनीही शंका घेतली नाही. मात्र त्या संयमाला फळ आल्याचे लोकांना दिसले नाही, आणि सुरतेनंतर एकमेकांना दार बंद करणाऱ्या पक्षात मधल्या माणसाला जागाही उरली नाही.