हात धुण्याचा आग्रह धरणारे डॉ. सेमेलवाइस

डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे झाला. व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणी तापाने दगावत होत्या. शवविच्छेदनाच्या वेळी जखम होऊन त्यांचे मित्र डॉ. कोलेच्का तशाच विकाराने निवर्तले, तेव्हा दोष डॉक्टरांच्याच हातांचा असल्याचे त्यांनी ओळखले. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक वरिष्ठांनी ते मानले नाही. १३ ऑगस्ट १८६५ रोजी मनोरुग्णालयात जखमेतील संसर्गानेच त्यांचे निधन झाले.

आज मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत जखम चिघळू नये म्हणून निर्जंतुक हातांबरोबरच छेदापूर्वी प्रतिजैविकही देतात. शस्त्रक्रियेनंतर तेरला घरी परतलेल्या रुग्णाच्या जखमेला स्पर्श करण्यापूर्वी आप्तांनी साबणाने हात धुवावेत, अशी आम्ही विनंती करतो. हेच त्यांचे खरे स्मरण होय.