डॉ. रघुवीर यांचे नागपूरपर्व : दोन भाषांच्या समान परिभाषेचा प्रयोग

मराठी परिभाषेचा इतिहास सांगताना शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोश’ आणि बडोद्याचा ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ (१९३१) यांचा उल्लेख अवश्य होतो. त्यानंतरचे विवेचन मात्र बहुधा एकदम १९६० नंतरच्या शासकीय कोशांकडे वळते. मधल्या काळात नागपुरात झालेले कार्य हिंदीच्या खाती जमा धरले जाते. त्या कार्याचे प्रवर्तक डॉ. रघुवीर मराठी भाषक नव्हते, हे त्याचे एक कारण असावे. तथापि मराठी आणि हिंदी भाषक समाजांना एकच परिभाषा देण्याचा तो प्रयत्न होता आणि म्हणूनच मराठीच्या अभ्यासकाने तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

रघुवीर यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडी येथे झाला. लंडन येथे पीएच.डी. आणि हॉलंडमध्ये डी.लिट. संपादन करून ते लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करू लागले. तेथेच त्यांनी ‘सरस्वती विहार’ ही संशोधनसंस्था उभारली. वैदिक ग्रंथांच्या संपादनाबरोबरच पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील विराटपर्व त्यांनी संपादित केले (१९३६). परिभाषेच्या क्षेत्रात उतरलेला हा विद्वान मुळात संहितेचा चिकित्सक होता, ही गोष्ट त्याची कोशपद्धती समजून घेताना विसरता येत नाही.

फाळणीच्या सुमारास सरस्वती विहार नागपुरास आला. पं. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाच्या काळातील मध्यप्रांत-वऱ्हाड हा द्विभाषिक प्रांत होता. उत्तर-पूर्वेकडील जिल्हे हिंदीचे, तर नागपूर आणि वऱ्हाड मराठीचे. इंग्रजी मागे सारायची तर कचेरीतील टिपणीसाठी आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांसाठी दोन्ही भाषांना शब्द हवे होते. ते निरनिराळे ठरले असते तर एकाच शासनाचे दोन व्यवहार झाले असते. रघुवीर यांनी दोहोंना समान असलेल्या संस्कृतचा आश्रय घेतला. नागपुरातूनच त्यांचा शासकीय व शैक्षणिक शब्दांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्या मते पारिभाषिक शब्द एकेकटा घडवावयाचा नसतो, तर त्याचे कुळ घडवावयाचे असते. धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या नियमबद्ध संयोगातून हे कुळ वाढते. ‘विधि’ हा शब्द स्वीकारला की विधान, विधेयक, विधायक, वैध, अवैध अशी मालिका आपोआप सिद्ध होते आणि एक शब्द कळला की इतरांचा अर्थ लावता येतो. सुटी भाषांतरे जमविणाऱ्या कोशांपेक्षा ही दृष्टी निःसंशय अधिक शास्त्रशुद्ध होती.

परंतु या शास्त्रशुद्धतेतच तिची मर्यादाही होती. शब्द समान असला म्हणजे अर्थ समान असतोच असे नाही. हिंदीतील ‘शिक्षा’ मराठीत दंड होते, ‘चेष्टा’ प्रयत्न न राहता थट्टा बनते, आणि ‘प्रकृति’ निसर्गाऐवजी आरोग्याची स्थिती दाखविते. ‘विधी’ म्हटल्यावर मराठी माणसाला धार्मिक कृत्य आठवते, त्याच्या तोंडी ‘कायदा’च असतो. धातू दोन्ही भाषांचा एक असला तरी रूढी प्रत्येकीची स्वतंत्र असते. विज्ञानाच्या प्रांतात ही अडचण अधिक तीव्र झाली. ऑक्सिजनला ‘जारक’, नायट्रोजनला ‘भूयाति’, कार्बनला ‘प्रांगार’ असे शब्द त्यांनी योजले. मराठीत मात्र प्राणवायू, नत्रवायू, कर्ब हे शब्द आधीच रुळले होते. रुळलेला शब्द नियमात बसत नाही म्हणून बाजूला सारणे कोशकाराला शक्य असते. समाज तसे करीत नाही. रघुवीर यांच्यावर झालेल्या टीकेचे, आणि त्यांनी न घडविलेले हास्यास्पद शब्दही त्यांच्या नावावर खपले त्याचे, मूळ येथे आहे.

संविधान सभेचे आणि पुढे राज्यसभेचे सदस्य या नात्याने त्यांनी राजभाषेचा आग्रह कायम ठेवला. कालांतराने चीनविषयक धोरणावरील मतभेदातून त्यांनी काँग्रेस सोडली व ते भारतीय जनसंघाचे अध्यक्ष झाले. १४ मे १९६३ रोजी कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. ज्या द्विभाषिक प्रांतासाठी त्यांनी समान परिभाषा रचली, तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आधीच विभागला गेला होता. विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि मराठीच्या शासकीय परिभाषेचे काम भाषा संचालनालयाकडे गेले.

प्रांत उरला नाही, तरी शब्द उरले. विधेयक, वैध, अवैध यांसारखे शब्द दोन्ही भाषांत आजही सारख्याच अर्थाने वावरतात. जारक आणि भूयाति मराठीत रुजले नाहीत. या निवडीत एक तत्त्व दिसते. जेथे जागा रिकामी होती आणि शब्दाचे कुळ परिचित होते, तेथे समाजाने नवा शब्द स्वीकारला; जेथे घरचा शब्द होता, तेथे नाकारला. समान परिभाषा रचताना धातुपाठाइतकीच बोलणाऱ्यांच्या रूढीची नोंद ठेवावी लागते. नागपूरच्या या प्रयोगाने हे स्वतःच्या यशाने आणि अपयशानेही सिद्ध केले आहे. मराठीच्या कोशकाराला त्यातील अपयश अधिक शिकविणारे आहे.