पंडिता रमाबाई आणि देवाची निवड

देवाने आम्हांस निवडले, की आम्ही देवाला? आदिलाबादकडील आमच्या मराठी वाचकांच्या शब्बाथ शाळांतही रोमकरांस पत्राचा ९ वा अध्याय आला की हा प्रश्न निघत असेल. कॅल्व्हिनचे अनुयायी देवाच्या निवडीवर भर देतात, वेस्लीचे माणसाच्या होकारावर. आम्हांस अशा वेळी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आठवतात.

बाई कोणाच्या सांगण्यावरून मान डोलावणाऱ्या नव्हत्या. इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतः पारखून; पुढेही त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या आपल्या इंग्रज शिक्षिकांशी निर्भीडपणे वाद करीत. इतका स्वतंत्र निर्णय आमच्यापैकी कितीजणांनी घेतला असेल? तरी सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळून आले की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण ख्रिस्त आपल्याला लाभलेला नाही. हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले होते. तारणास योग्य होण्याची त्यांची धडपड तेथे संपली. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी सारे श्रेय देवाच्या कृपेला दिले आहे.

मग माणसाच्या इच्छेला जागा उरली नाही काय? पुण्याच्या शारदा सदनात रमाबाई प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे. त्या मुलींना बळेच बोलावीत नसत, आलेल्यांना घालवीतही नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावरून गदारोळ उठला. १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, पुष्कळ पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंनी दार लावले नाही.