हर्णेच्या किनाऱ्यावर मराठी शिकलेले डॉ. विल्सन

हर्णे (जि. रत्नागिरी) : सुवर्णदुर्गासमोरचे हे बंदर आज ओळखले जाते ते मासळीच्या लिलावासाठी. १८२९ मध्ये मात्र अवघ्या २४ वर्षांचा एक स्कॉटिश तरुण येथे मराठी गिरवीत बसला होता. मुंबईकर ज्यांना विल्सन कॉलेजच्या नावामुळे ओळखतात, ते डॉ. जॉन विल्सन हेच.

११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर येथे जन्मलेले विल्सन पत्नी मार्गारेट यांच्यासह फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनची ठाणी तेव्हा बाणकोट आणि हर्णे येथे होती. तेथे काही महिने भाषाभ्यास करून ते वर्षअखेरीस मुंबईला परतले.

भाषा शिकण्यामागचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो त्यांनी कधी दडवला नाही. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झडला. मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहून आपली बाजू मांडली. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांच्या धर्मांतराने मुंबई ढवळून निघाली आणि बहुतेक मुलांनी शाळा सोडली. हा रोष अकारण नव्हता.

मराठीवर त्यांचे खरे ऋण आहे ते वेगळ्याच ठिकाणी. १८५७ मध्ये मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. सुमारे ६० हजार शब्दांच्या या कोशाला विल्सन यांचे विस्तृत टिपण जोडलेले आहे. मराठी कोणत्या घटकांची बनली, कुठवर पसरली आणि तिचा वापर कसा झाला, हा त्याचा विषय. संस्कृतखेरीज दुसराही एक थर मराठीत आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. त्या थराला त्यांनी दिलेले 'सिथियन' हे नाव पुढे टिकले नाही. द्राविड भाषाकुलाची कॉल्डवेल यांची मांडणी जेमतेम वर्षभरापूर्वीची होती. पण प्रश्न नेमका होता.

त्याचे उत्तर घरातल्या बोलण्यातच सापडते. 'अण्णा', 'अक्का' ही नाती आणि पानावरचे 'तूप' कन्नडशी नाते सांगतात. 'दाद मागणे' यातील दाद फारसी. तिचा अर्थ न्याय. 'तिलांजली देणे' हे अंत्यविधीत तीळ घालून दिलेल्या पाण्यावरून आले, तर 'पानिपत होणे' यामागे १७६१ चा रणसंहार आहे. न्याय मागणारा माणूस फारसी बोलतो आहे, हे त्याच्या गावीही नसते!

१८६८ मध्ये विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. गिरगाव चौपाटीसमोरची, त्यांचे नाव मिरवणारी कॉलेजची इमारत पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ती १८८९ मध्ये उभी राहिली.