पिठोरीच्या आदल्या दिवशी

श्रावण वद्य चतुर्दशीला आपल्या इंदुरात अहिल्यामातेची पालखी निघते. उत्तरेच्या पंचांगात हीच तिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी होते, त्यामुळे हिंदी भाषक शेजाऱ्यांना सांगताना आपली दरवर्षी गडबड उडते. घरी त्या संध्याकाळी आणखी एक तयारी चाललेली असते. दुसऱ्या दिवशी पिठोरी अमावास्या, म्हणजे खीर-पुरीचा बेत. आई मुलांकडे पाठ करून वाणाचे ताट डोक्यावर धरते, अतीत कोण म्हणून विचारते आणि मागून मूल आपले नाव सांगून ताट घेते. या दोन गोष्टी लागोपाठ येतात, हे आपण सगळेच जाणतो. पण त्या जोडून क्वचितच पाहतो.

अहिल्याबाईंचे चरित्र आपण बहुधा घाट आणि देवळे मोजत सांगतो. आज त्यांच्या ताटाविषयी लिहावेसे वाटते.

31 मे 1725 रोजी चौंडीला माणकोजी शिंद्यांच्या घरी जन्म, सुभेदार मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी विवाह, पुढे महेश्वरी राजधानी. हे शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. त्यांचा दिवस कसा जाई, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या गेल्यावर पंचवीस वर्षांच्या आत जॉन माल्कम माळव्यात होता. बाईंना ओळखणाऱ्या माणसांकडून त्याने माहिती जमवली आणि ती 1823 साली ग्रंथात छापली. त्यावरून दिसते ते असे. पहाटेच्या आधी उठून पूजा, पोथी ऐकणे, दानधर्म, मग आपल्यासमोर ब्राह्मणांना जेवू घालणे. ती पंगत उठल्यावर त्या स्वतः जेवत. जेवण साधे, भाजीपाल्याचे. त्यांच्या कुळात मांसाहाराला मनाई नव्हती, तरी त्यांनी तो सोडला होता. दुपारी थोडी विश्रांती, मग संध्याकाळपर्यंत दरबार. रात्री पूजेनंतर पुन्हा थोडेसे खाणे आणि नऊपासून अकरापर्यंत परत काम.

गरिबांना रोज अन्न मिळे. सणावाराला तर अगदी खालच्या मानल्या गेलेल्या जातींनाही जेवण असे, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यांवर पाणी देणारी माणसे ठेवलेली असत. महेश्वरच्या आसपास नांगराचे बैल थांबवून बाईंचा नोकर त्यांना पाणी पाजी. शेतकरी पाखरांना हाकलतात, त्यात त्यांचा दोष नाही, हे बाईंना मान्य होते. म्हणून त्यांनी शेतेच विकत घेतली आणि पाखरांसाठी मोकळी सोडली. आमच्या मते घाटांपेक्षा ही शेतेच त्यांच्याविषयी जास्त सांगतात.

बाहेरची पंगत अशी वाढत होती, तेव्हा घरातली पाने एकेक करून कमी होत होती. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले. बाई सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना मागे ठेवले. 1766 मध्ये मल्हारराव गेले आणि वर्षभरात एकुलता मुलगा मालेराव. उरली मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि नातू. आधी नातू गेला. मग 1791 मध्ये जावई, आणि मुक्ताबाई सती गेली. बाईंनी तिला पुष्कळ विनवले. तिने ऐकले नाही. नर्मदाकाठी चितेपाशी त्या स्वतः उभ्या होत्या. परत आल्यावर तीन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत आणि तीन दिवस त्यांनी जवळजवळ काहीच खाल्ले नाही.

एवढ्यांना जेवू घालणाऱ्या बाईंना तेव्हा दोन घास घ्या म्हणून हक्काने सांगणारे रक्ताचे माणूस उरले नव्हते. त्या आपल्या आपणच उठल्या आणि गेलेल्यांच्या स्मरणार्थ छत्री बांधायला घेतली. पुढे चार वर्षे कारभार चालू राहिला.

13 ऑगस्ट 1795 रोजी, सत्तराव्या वर्षी, त्या महेश्वरी गेल्या. तिथी श्रावण वद्य चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी पिठोरी होती, आणि अतीत कोण म्हणून विचारल्यावर मागून उत्तर द्यायला त्यांचे एकही मूल मागे नव्हते. दौलतीची फौज सांभाळणारे तुकोजीराव होळकर मात्र त्यांना आयुष्यभर आई म्हणत आले होते. ते वयाने बाईंपेक्षा मोठे होते.