हाइनरिक हर्ट्झ

हाइनरिक रुडॉल्फ हर्ट्झ (२२ फेब्रुवारी, १८५७:हॅम्बुर्ग – १ जानेवारी, १८९४:बॉन) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणिताने भाकीत केलेल्या विद्युतचुंबकीय तरंगांचे अस्तित्व त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. या प्रयोगांसाठी त्यांनी तयार केलेली द्विध्रुव अँटेना आजही रेडिओ संदेशवहनातील मूलभूत अँटेना मानली जाते. वारंवारतेच्या एककाला त्यांच्या सन्मानार्थ हर्ट्झ हे नाव देण्यात आले आहे.

बालपण आणि शिक्षण

हर्ट्झ यांचे वडील गुस्टाव हे हॅम्बुर्ग येथे वकील होते व पुढे ते त्या नगरराज्याचे सिनेटर झाले. वडिलांचे घराणे मूळचे ज्यू असले तरी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. हाइनरिक यांना शालेय वयातच भाषा आणि हस्तकौशल्य या दोहोंची आवड होती. ते अरबी शिकले, तसेच लेथवर लाकूडकामही शिकले. प्रयोगाची उपकरणे स्वतः घडविण्याची सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

प्रारंभी त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. परंतु १८७७ मध्ये म्युनिक येथे असताना त्यांनी शुद्ध विज्ञानाकडे वळण्याचा निर्णय घेतला. पुढील वर्षी ते बर्लिन येथे हेल्महोल्ट्झ आणि किर्खहोफ यांचे विद्यार्थी झाले. १८८० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली व त्यानंतर सुमारे तीन वर्षे ते हेल्महोल्ट्झ यांचे साहाय्यक होते. दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता काय घडते, याविषयीचा त्यांचा सिद्धांत याच काळातील असून यंत्र अभियांत्रिकीत तो आजही वापरला जातो. १८८३ मध्ये ते कील येथे अध्यापक झाले आणि १८८५ मध्ये कार्ल्सरूहे येथील तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले. १८८६ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ डोल यांच्याशी झाला. त्यांना योहाना व माथिल्डे या दोन मुली झाल्या.

मॅक्सवेल यांचा प्रश्न

विद्युत व चुंबकीय बल अंतर ओलांडून तत्क्षणी कार्य करते, असे त्या काळी यूरोप खंडातील अनेक शास्त्रज्ञ मानीत. मॅक्सवेल यांच्या मते मात्र हे बल मधल्या क्षेत्रातून प्रकाशाच्या वेगाने प्रवास करते व प्रकाश हादेखील याच जातीचा तरंग आहे. याच्याशी निगडित एक प्रश्न बर्लिन अकादमीने १८७९ मध्ये पारितोषिकासाठी जाहीर केला होता. हेल्महोल्ट्झ यांनी तो हर्ट्झ यांना सुचविला. परंतु उपलब्ध साधनांनी अपेक्षित परिणाम मोजता येणार नाही, असे गणिताने आढळल्याने त्यांनी तो विषय बाजूला ठेवला.

द्विध्रुव अँटेना

१८८६ मध्ये कार्ल्सरूहे येथे तारेच्या दोन वेटोळ्यांवर प्रयोग करीत असताना, एका वेटोळ्यात ठिणगी पडली की दुसऱ्यातही ठिणगी पडते, असे हर्ट्झ यांच्या लक्षात आले. अतिजलद विद्युत आंदोलने निर्माण करण्याचा व ती ओळखण्याचा मार्ग त्यांना यातून सापडला. त्यांनी सुमारे एक मीटर लांबीच्या दोन तारा एका सरळ रेषेत ठेवल्या, मध्ये काही मिलिमीटरची फट सोडली व बाहेरच्या टोकांना जस्ताचे गोल बसविले. प्रवर्तन वेटोळ्याने फटीत ठिणगी पाडली की तारांमध्ये विद्युतभार पुढेमागे आंदोलित होई. ग्राहक म्हणून त्यांनी बारीक फट असलेले तारेचे कडे वापरले. त्यातील ठिणगी इतकी सूक्ष्म असे की ती अंधारातच दिसे.

पुढे त्यांनी व्याख्यानगृहाच्या भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावून तरंग परावर्तित केले. जाणारे व परतणारे तरंग मिळून स्थिर तरंग तयार झाले. कडे सरकवीत नेल्यावर ठिणगी कोठे प्रबळ होते व कोठे मावळते, यावरून तरंगलांबी मोजता आली. वेग काढताना त्यांच्या प्रारंभीच्या गणितात एक चूक राहिली होती. ती पुढे पोंकारे यांनी निदर्शनास आणली व हर्ट्झ यांनी ती मान्य केली.

१८८८ च्या अखेरीस त्यांनी केवळ २६ सेंटिमीटर लांबीचा द्विध्रुव तयार केला. त्याची तरंगलांबी सुमारे ६६ सेंटिमीटर होती. प्रेषक व ग्राहक हे दोन्ही जस्ताच्या अन्वस्ताकार आरशांत बसविलेले होते. सहाशे किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या डांबराच्या लोलकातून त्यांनी या तरंगांचे अपवर्तन करून दाखविले. दोन्ही द्विध्रुव समांतर असताना ठिणगी प्रबळ असे; ग्राहक ९० अंशांत फिरविला की ती नाहीशी होई. या साध्या फिरविण्याने तरंगांचे ध्रुवण सिद्ध झाले आणि अदृश्य किरण व प्रकाश यांचे नाते स्पष्ट झाले.

इतर संशोधन

१८८७ मध्ये ग्राहकाची ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी तो अंधाऱ्या पेटीत ठेवला, तेव्हा ठिणगी आखूड झाली. शोध घेता प्रेषकाच्या ठिणगीतील अतिनील प्रकाश याला कारण असल्याचे आढळले. काच तो अडवी, क्वार्ट्झ अडवीत नसे. हाच प्रकाशविद्युत परिणाम होय. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले.

अखेरचा काळ

१८८९ मध्ये हर्ट्झ बॉन विद्यापीठात क्लाउझियस यांच्या जागी प्राध्यापक झाले. १८९० मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक मिळाले. मात्र लवकरच त्यांची प्रकृती ढासळली. अनेक शस्त्रक्रिया होऊनही गुण आला नाही व वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा यामिकीवरील ग्रंथ त्याच वर्षी मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

नाझी राजवटीत ज्यू वंशाचे कारण देऊन हॅम्बुर्गच्या नगरभवनातून त्यांचे चित्र हटविण्यात आले. त्यांच्या पत्नी व मुलींना जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. पुढे ते चित्र पुन्हा लोकांसमोर आणले गेले.

वारसा

आपल्या शोधाचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे हर्ट्झ यांना वाटत नव्हते. तथापि त्यांच्या निधनानंतर काही वर्षांतच मार्कोनी यांनी या तरंगांनी बिनतारी संदेश पाठविले. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी हर्ट्झ यांच्याहून कितीतरी लहान, मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर प्रयोग केले.

हौशी रेडिओचालक (हॅम) आजही अर्धतरंग द्विध्रुव स्वतः बांधतात. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी त्याची एकूण लांबी सुमारे १० मीटर भरते. आडवा द्विध्रुव आपल्या लांबीशी काटकोनात सर्वाधिक प्रारण करतो, तर टोकांच्या दिशेने अत्यल्प. म्हणून तारेऐवजी ॲल्युमिनियमच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या वापरून तो खांबावरील मोटरने फिरता ठेवतात. दोन्ही बाजूंना सारखेच प्रारण होत असल्याने अर्धा फेरा सर्व दिशांना पुरतो. कार्ल्सरूहे येथे ध्रुवण पाहण्यासाठी फिरविलेला द्विध्रुव येथे दूरचे केंद्र गाठण्यासाठी फिरतो.

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९३० मध्ये वारंवारतेच्या एककाला हर्ट्झ हे नाव दिले. १९६० मध्ये ते आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत समाविष्ट झाले. एका सेकंदात एक आंदोलन म्हणजे एक हर्ट्झ होय.