मनोरुग्णांना घराची वाट मोकळी करणारे डॉ. फ्रांको बासाल्या

नवी दिल्ली, २९ ऑगस्ट : मनोरुग्णालयाच्या भिंतींआड आयुष्य कंठणाऱ्यांना समाजात पुन्हा स्थान मिळवून देणारे इटलीचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. फ्रांको बासाल्या यांचा आज स्मृतिदिन.

११ मार्च १९२४ रोजी व्हेनिस येथे जन्मलेल्या बासाल्या यांनी पादुआ विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. फॅसिस्ट राजवटीला विरोध केल्याने तरुणपणी त्यांना तुरुंगवास घडला होता. १९६१ मध्ये त्यांनी गोरित्सिया येथील मनोरुग्णालयाची सूत्रे स्वीकारली. तेथील कुलूपबंद दालने आणि बांधून ठेवलेले रुग्ण पाहून त्यांना त्या तुरुंगाचीच आठवण झाली. पत्नी फ्रांका ओंगारो आणि सहकाऱ्यांच्या साथीने त्यांनी दारे उघडली व रुग्णांच्या सभा सुरू केल्या.

ही वाट निर्धोक नव्हती. १९६८ मध्ये एका दिवसाच्या रजेवर घरी गेलेल्या रुग्णाने पत्नीची हत्या केली. बासाल्या यांच्यावर खटला भरला गेला; त्यातून ते निर्दोष सुटले.

१९७१ मध्ये ते त्रिएस्ते येथील मनोरुग्णालयाचे संचालक झाले. तेथे सुमारे १,२०० रुग्ण होते. या सर्वांना एकच मार्ग लागू पडणार नव्हता. काही जण कुटुंबात परतले, तर काही लहान गटांनी सदनिकांमध्ये राहू लागले. उपचारांसाठी रुग्णालयात राहण्याची गरज संपली, पण जायला घर नाही, अशांना ‘पाहुणे’ म्हणून आवारातच राहण्याची मुभा मिळाली. सहकारी संस्था स्थापन झाल्याने रुग्णांच्या श्रमाला वेतन मिळू लागले. शहरात अहोरात्र खुली राहणारी मानसिक आरोग्य केंद्रे उभी राहिली. १९७३ मध्ये रुग्ण व कलावंतांनी घडवलेला भव्य निळा घोडा मिरवणुकीने शहरात नेण्यात आला. तो या मुक्तीचे प्रतीक ठरला.

१३ मे १९७८ रोजी इटलीत संमत झालेल्या १८० क्रमांकाच्या कायद्याने मनोरुग्णालयांत नवे रुग्ण दाखल करणे थांबवले. मात्र जेथे पर्यायी सेवा उभ्या राहिल्या नाहीत, तेथे सारा भार कुटुंबांवर पडला. जुनी रुग्णालये पूर्णपणे बंद होण्यास सुमारे दोन दशके लागली. ते पाहण्यास बासाल्या हयात नव्हते. २९ ऑगस्ट १९८० रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, मेंदूतील गाठीच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

केवळ कुटुंब वा निवारा नाही म्हणून कोणालाही मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवता येणार नाही, अशी तरतूद भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. त्या व्यक्तीला मानवेल असे घर समाजात उपलब्ध असणे, ही मात्र बासाल्या यांच्या काळाप्रमाणेच आजही या हक्काची खरी कसोटी आहे.